एकाच गाडीत दोघे होतो, मग भीती माझ्याच वाट्याला का?

“मॅडम, आम्ही दोघे एकाच गाडीत होतो. दादा महिन्याभरात पुन्हा गाडी चालवायला लागला आणि मला आठ महिने झाले तरी मागच्या सीटवर बसणेही जमत नाही. बायकांचा मेंदूच भीतीला लवकर बळी पडतो, असे मी वाचले आहे. ते खरे असेल, तर मी बरी होणारच नाही, असाच त्याचा अर्थ ना?”

पस्तिशीच्या आसपासच्या एका स्त्रीने उपचारासाठीच्या पहिल्याच भेटीत मला हा प्रश्न विचारला. अपघात, हल्ला, आग, प्रसूतीतला जीवघेणा प्रसंग, अशा निरनिराळ्या घटनांनंतर आलेल्या अनेक स्त्रियांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारलेले आहे. म्हणून या बाईंच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून त्यांची हकीकत येथे मांडत आहे.

पावसाळी रात्री त्यांच्या गाडीला मागून ट्रकची धडक बसली आणि गाडी उलटली. गाडी चालवणारा भाऊ काच फोडून बाहेर पडला, पण यांचा पाय पुढच्या सीटखाली अडकला आणि त्यांना बाहेर काढायला सुमारे अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात त्या ओरडल्या नाहीत, भावाच्या हाकांना त्यांनी ओ दिली नाही, हातही हलवला नाही. सर्वांनी त्यांना बेशुद्ध समजले. नंतरच्या तपासण्यांत डोक्याला कोणतीही इजा आढळली नाही आणि पायाचे हाड यथावकाश जुळले. मात्र डिझेलचा वास आला की श्वास अडकणे, काचेवर पावसाचे थेंब वाजू लागले की छाती धडधडणे, रात्री दोन-तीनदा दचकून उठणे, मुलांवर विनाकारण ओरडणे आणि भावाला भेटणे टाळणे हे सगळे वाढतच गेले. मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर ताण विकाराचे, म्हणजे पीटीएसडीचे, निदान केले होते. लक्षणे मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वीस प्रश्नांच्या मापनपट्टीवर त्यांचे गुण 80 पैकी 54 होते.

अशा प्रश्नाला दोन सोपी उत्तरे देता येतात आणि मी स्वतः पूर्वी ती दिलेली आहेत. एक म्हणजे, “छे, बाई-पुरुष असा काही फरक नसतो.” दुसरे म्हणजे, “तुम्ही हळव्या आहात एवढेच, काळजी करू नका.” पहिले उत्तर वस्तुस्थितीला धरून नाही आणि दुसरे उत्तर दुखावणारे आहे. खरे उत्तर लांब आहे. ते ऐकायला धीर लागतो आणि ते सांगणाऱ्यालाही अर्ध्यावर थांबून चालत नाही, कारण अर्धे सांगितले तर ते स्त्रीच्या दुबळेपणाचा पुरावा म्हणून तिच्याच विरोधात वापरले जाते.

फरक आहे, हे मी त्यांना आधी स्पष्टपणे सांगितले. अमेरिकेत रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या सर्वेक्षणात आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण 10.4 टक्के, तर पुरुषांचे 5 टक्के आढळले. त्याच सर्वेक्षणात एखादी तरी आघातकारक घटना अनुभवल्याचे सांगणाऱ्यांत मात्र पुरुषच अधिक होते. म्हणजे घटना पुरुषांच्या वाट्याला जास्त आल्या आणि त्यांचा मागे रेंगाळणारा परिणाम स्त्रियांच्या. याचा काही भाग घटनेच्या प्रकारातून समजतो. लैंगिक अत्याचार आणि बालपणी आपल्याच माणसाकडून झालेला छळ स्त्रियांच्या वाट्याला अधिक येतो, आणि अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीपेक्षा हे आघात मनात अधिक खोल जातात. परंतु 2006 मध्ये डेव्हिड टोलिन आणि एडना फोआ यांनी पंचवीस वर्षांतील संशोधन एकत्र करून पाहिले, तेव्हा केवळ घटनेच्या प्रकाराने हा फरक पूर्णपणे उलगडत नसल्याचे दिसले.

“मग राहिलेला फरक मेंदूतच ना?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “मेंदूतही आहे. पण मेंदू ही घडून संपलेली वस्तू नाही, म्हणून आधी भीती मेंदूत कशी वसते ते पाहू.”

मी कागदावर एक ढोबळ आकृती काढली. कानशिलाच्या आतल्या बाजूला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो. धोक्याची चाहूल लागताच, काय घडते आहे हे नीट कळण्याआधीच, तो शरीराला सावध करतो. हृदय वेगाने धडधडते, मेंदूच्या देठातील लोकस सेरुलियस नावाच्या लहानशा केंद्रातून नॉरॲड्रेनॅलिन स्रवते आणि त्या क्षणाच्या खुणा घट्ट कोरल्या जातात. वासाची वाट तर अमिग्डालापर्यंत फारच थेट जाते, त्यामुळे डिझेलचा वास त्यांना विचार करायला सवड न देता त्या रात्रीत नेऊन सोडत होता. अमिग्डालाशेजारीच हिप्पोकॅम्पस असतो. कोणती घटना कुठे आणि केव्हा घडली, याची नोंद तो ठेवतो. पराकोटीच्या ताणात ही नोंद विस्कळीत होते, म्हणून पीटीएसडीतली आठवण ‘तेव्हा घडले होते’ अशी न येता ‘आत्ता घडते आहे’ अशी येते. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा आतला खालचा भाग अमिग्डालाला सांगू शकतो की हा वास तोच आहे, पण धोका आता नाही.

या शेवटच्या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण बरे होणे म्हणजे काय हे त्यातून समजते. भीती ओसरते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘आता सुरक्षित आहे’ अशी दुसरी शिकवण तयार होते आणि प्रसंगी ती पहिलीवर मात करते. मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी 2002 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की सुरक्षिततेची ही शिकवण आठवताना प्रीफ्रंटल भागातील विशिष्ट पेशी सक्रिय होतात. ही दुसरी आठवण पहिलीपेक्षा नाजूक असते. काळ लोटला, जागा बदलली किंवा शरीर थकले की ती मागे पडू शकते. त्यांनी ते ऐकले आणि बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिल्या. “म्हणजे भीती गेली नाही तरी मी बरी होऊ शकते?” त्यांनी विचारले. हा प्रश्न मला त्यांच्या पहिल्या प्रश्नाहून कितीतरी मोलाचा वाटला.

दुसऱ्या भेटीत खरी बोच बाहेर आली. “मी ओरडले का नाही? दादा बाहेरून हाका मारत होता, मला प्रत्येक हाक ऐकू येत होती आणि मी नुसती पडून राहिले. इतकी कशी भित्री मी?” घरच्यांनी त्यांना बेशुद्ध समजल्यामुळे ‘तुला काय आठवणार, तुला तर शुद्धच नव्हती’ असे प्रत्येक जण म्हणत असे आणि त्यांनी ते कधी खोडून काढले नव्हते, कारण शुद्धीत असूनही आपण गप्प राहिलो हे कबूल करणे त्यांना लाजिरवाणे वाटत होते.

सुटकेची वाट नाही असे मेंदूला वाटते तेव्हा शरीर आपोआप थिजते. मध्यमेंदूतील राखाडी द्रव्याचा एक पट्टा या प्रतिक्रियेत सहभागी असतो आणि ती आपल्या इच्छेच्या आधीन नसते. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, ऐकत असतो, पण आवाज फुटत नाही आणि अवयव हलत नाहीत. स्टॉकहोममधील तातडीच्या उपचार केंद्रात लैंगिक अत्याचारानंतर आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी 70 टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी लक्षणीय प्रमाणात आणि 48 टक्के स्त्रियांनी अत्यंत तीव्र प्रमाणात शरीर असे थिजल्याचे सांगितले. सहा महिन्यांनी पाहिले असता, ज्या थिजल्या होत्या त्यांच्यात पीटीएसडी आणि नैराश्य अधिक आढळले. तो आघात निराळा होता हे मी त्यांना बजावून सांगितले. परंतु अडकलेल्या शरीराची ही भाषा एकच आहे, आणि ती पुरुषांनाही येते. ‘प्रतिकार का केला नाही’ हा प्रश्न पोलीस, वकील, नातेवाईक आणि शेवटी स्वतः ती स्त्री विचारत राहते, तेव्हा तो प्रश्न मेंदूच्या देठाला विचारल्यासारखा आहे, हे जितक्या लोकांना कळेल तितके बरे.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. भीतीचे आपले बरेचसे ज्ञान प्रयोगशाळेतील नरांवरून आलेले आहे. प्राण्यांवरील मेंदूसंशोधनाचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो, की फक्त नरांवर केलेले अभ्यास फक्त माद्यांवर केलेल्या अभ्यासांच्या साडेपाच पट होते. कारण असे दिले जाई, की मादीच्या संप्रेरकांचे चढउतार निष्कर्षांत गोंधळ घालतात. शिवाय भीती मोजायची ती उंदीर किती वेळ थिजून बसतो यावरून. रेबेका शान्स्की यांच्या प्रयोगशाळेने 2015 मध्ये दाखवले, की काही माद्या धोक्याच्या आवाजाला थिजून न बसता झपाट्याने पळण्याची प्रतिक्रिया देतात आणि नरांत असे क्वचितच घडते. जुन्या मोजमापात या पळणाऱ्या मादीची नोंद ‘भ्यायली नाही’ अशी झाली असती. माणसांच्या बाबतीतही हेच घडले. 1980 मध्ये पीटीएसडीला अधिकृत निदानाचे स्थान मिळाले, त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या यातनांचा मोठा वाटा होता. पण ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारानंतर स्त्रियांत दिसणाऱ्या तशाच लक्षणांचे वर्णन 1974 मध्येच करून ठेवलेले होते.

तिसऱ्या भेटीपासून मी त्यांना रोजची लक्षणे एका वहीत लिहायला सांगितली आणि सोबत पाळीच्या तारखाही. त्या संकोचल्या. “ह्याचा त्याच्याशी काय संबंध? घरी तर ‘पाळी आली की तुझे सुरू होते’ असे आधीच म्हणतात.” तीन महिन्यांच्या नोंदींत पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस आणि पाळीचे पहिले दोन दिवस दुःस्वप्ने व दचकणे ठळकपणे वाढलेले दिसले. एका वहीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण ही नोंद संशोधनाशी जुळणारी होती. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण कमी असते तेव्हा सुरक्षिततेची शिकवण आठवणे अवघड जाते, असे मिलाद यांच्या गटाला स्त्रियांमध्ये आणि उंदरांच्या माद्यांमध्ये दिसून आले. पीटीएसडी असलेल्या स्त्रियांवरील 2012 च्या एका अभ्यासातही, इस्ट्रोजेन कमी असलेल्यांची भीती प्रयोगात लवकर ओसरली नाही. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-संप्रेरकही झपाट्याने उतरते आणि त्यापासून बनणारे, मेंदूला शांत करणारे ॲलोप्रेग्नॅनोलोनही त्याच्यासोबत कमी होते. सगळे अभ्यास एकाच सुरात बोलत नाहीत, आणि पाळीचा कोणता टप्पा कोणत्या लक्षणाला वाईट यावर मतभेद आहेत. म्हणूनच स्वतःची वही महत्त्वाची. ‘पाळी आली की तुझे सुरू होते’ या टोमण्यात निरीक्षण बरोबर होते, फक्त त्यातून काढलेला अर्थ क्रूर होता.

संप्रेरकांखेरीज इतरही धागे आहेत, ते थोडक्यात सांगते. ताणाचा संदेश देणाऱ्या सीआरएफ या द्रव्याला मादी उंदरांच्या लोकस सेरुलियसमधील पेशी अधिक संवेदनशील असतात, आणि ताणानंतर नरांत हे संदेश घेणारे ग्राहक पेशीच्या आत ओढले जातात तसे माद्यांत होत नाही, असे डेब्रा बँगॅसर आणि रीटा व्हॅलेंटिनो यांनी 2010 मध्ये दाखवले. केरी रेस्लर यांच्या गटाने 2011 मध्ये ताणाशी संबंधित एका ग्राहकाच्या जनुकात असा बदल शोधला, ज्याचा पीटीएसडीशी संबंध फक्त स्त्रियांत आढळला, आणि तो बदल जनुकाच्या नेमक्या अशा जागी होता जिथे इस्ट्रोजेनचा प्रभाव पडतो. हे सारे सरासरीचे निष्कर्ष आहेत. शेकडो स्त्रिया आणि शेकडो पुरुष यांच्यात दिसणारा फरक एका बहिणीला आणि एका भावाला जसाच्या तसा लावता येत नाही. बहुसंख्य स्त्रिया मोठ्या आघातानंतरही पीटीएसडीशिवाय सावरतात आणि पुष्कळ पुरुष सावरत नाहीत.

मग या दोघांत फरक कशाने पडला? भेटी पुढे सरकल्या तशी याची उत्तरे एकेक करून हाती आली. भाऊ काच फोडून बाहेर पडला होता, म्हणजे त्याच्या शरीराला धोक्याच्या क्षणी काही करता आले होते. बहीण अडकून पडली होती. पाचव्या भेटीत त्यांनी बालपणातील एक प्रसंग सांगितला, ज्याचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. तेव्हाही त्या अशाच थिजल्या होत्या, आणि तेव्हाही कोणाला कळले नव्हते. पूर्वीचा आघात नव्या आघाताची वाट रुंद करून ठेवतो, हे या क्षेत्रातील सर्वांत पक्क्या निरीक्षणांपैकी एक आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अपघातानंतर भावाने ती रात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. लोक ऐकत, शाबासकी देत, पुन्हा विचारत. चाळीस-पन्नास वेळा सुरक्षित खोलीत बसून तो ती रात्र जगला आणि त्याच्या प्रीफ्रंटल भागाला दुसरी शिकवण आपसूक मिळत गेली. बहिणीसमोर मात्र विषय निघाला की सगळे गप्प होत. तिला त्रास होतो, ती नाजूक आहे, तिच्यापुढे बोलू नका. तिला गाडीत बसावे लागू नये म्हणून घरातील माणसे तिची कामे करू लागली. हे सारे मायेपोटी झाले, यात शंका नाही. पण भीती जिथे निवायची, त्या सगळ्या जागा त्या मायेने बंद केल्या. तिची झोपेची गोळीही याच मायेतून सुरू झाली होती. ती पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी हळूहळू बंद करून सर्ट्रालीन हे पीटीएसडीवर वापरले जाणारे औषध दिले. स्त्रीची भीती झाकायची आणि पुरुषाची भीती पराक्रम म्हणून सांगायची, ही रीत मेंदूच्या बाहेरची आहे, परंतु तिचा परिणाम मेंदूच्या आत होतो. म्हणून ‘हे मेंदूतले की परिस्थितीतले’ असा प्रश्न मला कोणी विचारला, तर मी त्याचे दोन तुकडे करायला नकार देते.

उपचार म्हणून आम्ही दीर्घ अनावरणाची पद्धत घेतली, जी एडना फोआ यांनी विकसित केली आहे. सुमारे नव्वद मिनिटांच्या भेटीत ती रात्र डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायची, स्वतःच्या आवाजातील ध्वनिमुद्रण घरी ऐकायचे, आणि टाळलेल्या गोष्टींकडे सोप्याकडून अवघडाकडे पायरीपायरीने जायचे: उभ्या गाडीत बसणे, मग इंजिन सुरू करणे, मग लहान फेरी, मग पाऊस, मग रात्र. सहाव्या आठवड्यात माझ्याकडून चूक झाली. प्रगती चांगली दिसत होती म्हणून मी पावसातील फेरीची पायरी लगेच ठरवली, वहीत पाळीचे दिवस जवळ आलेले दिसत असूनही. त्या अर्ध्या रस्त्यात गाडीतून उतरल्या, पुढच्या दोन भेटींना आल्या नाहीत, आणि ‘माझ्याच्याने होणार नाही’ ही त्यांची जुनी समजूत मी स्वतःच्या हाताने पक्की केली. त्यांची माफी मागून आम्ही क्रम नव्याने लावला. नवी आणि अवघड पायरी चक्राच्या मधल्या दिवसांत, आणि कठीण दिवसांत आधी जमलेल्याच पायऱ्यांचा सराव. कठीण दिवसांत पूर्ण सुट्टी मात्र नाही, कारण दिनदर्शिकाही टाळाटाळीचे साधन बनू शकते. संप्रेरकांच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करायच्या नाहीत, हेही मी निक्षून सांगितले. तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांनी घ्यायचा असतो.

अकराव्या भेटीला त्यांनी भावाला सोबत आणले. त्याच्यासमोर त्यांनी तो अर्धा तास सांगितला: तो कोणत्या बाजूने हाका मारत होता, मध्येच तो रडला होता, आणि त्याने कोणाला तरी फोनवर ‘ती गेली बहुतेक’ असे म्हटले होते. तो सुन्न झाला. “तू हे सगळे ऐकलेस?” एवढेच तो म्हणाला. रडल्याचा भाग त्याच्या हकीकतीत कधीच आला नव्हता. मग तिने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला तो उत्तरे देत राहिला आणि त्या रात्रीचे जे तुकडे तिच्याकडे नव्हते ते जागेवर बसत गेले. मी जवळजवळ काहीच बोलले नाही.

चौदा भेटींनंतर मापनपट्टीवरील गुण 54 वरून 19 वर आले. झोप सुधारली आहे, भावाकडे जाणे सुरू झाले आहे, डिझेलच्या वासाने अजूनही क्षणभर श्वास अडतो. दोन महिन्यांनी त्या पाठपुराव्यासाठी आल्या, तेव्हा वही सोबत होती. तिच्यातील एका नोंदीखाली पाळीच्या दोन दिवस आधीची तारीख होती आणि लिहिले होते: “रात्री पाऊस. गाडी मीच चालवत होते. पुलापाशी हात थरथरले, म्हणून कडेला थांबले. दहा मिनिटे तशीच बसले, दादाला फोन केला नाही. मग पूल ओलांडला.”